वरच्या मजल्यावरची खिडकी आणि घरातलं लहान मूल: आधी काय करायचं, मग काय

मूल रांगायला लागलं की बहुतेक घरांतून पहिला फोन ग्रिलवाल्याला जातो. तो येतो, माप घेतो, ॲडव्हान्स घेतो आणि मग पंधरा दिवस, कधी महिनाभर त्याचा पत्ता नसतो. तोपर्यंत पलंग खिडकीलाच चिकटलेला, स्लायडिंग अर्धी उघडी आणि घरातले सगळे "आता ग्रिल येतंयच" म्हणून निवांत. ग्रिल लागलं की तर विषयच संपला असं वाटतं. पण ग्रिलच्या आधी तीन कामं आहेत जी आज संध्याकाळपर्यंत होतात आणि त्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत, आणि ग्रिलच्या नंतरही कामं आहेत जी कोणी करत नाही. आमच्या सोसायटीत मी हे इतक्या जणींना तोंडी सांगितलंय की शेवटी बसून क्रमाने लिहून काढलं.

हे सगळं मुख्यतः एक ते पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. या वयात मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, म्हणून ते खिडकीतून जरा जास्त वाकलं की आपल्यासारखं मागे सावरता येत नाही, डोक्याचंच वजन पुढे ओढतं. आणि पहिला मजला म्हणजे चालतंय असं नाही, तिथून पडूनही डोक्याला गंभीर मार बसतो.

१. गुडघ्यावर बसून घर फिरा

लागणारं सामान: मोजायची टेप, वही-पेन आणि जाड पुठ्ठ्याची १० सेंटीमीटर रुंद पट्टी (म्हणजे साधारण ४ इंच). ही पट्टी जपून ठेवा, पुढे सारखी लागणार आहे.

प्रत्येक खोलीत शिरा, गुडघ्यावर बसा आणि मुलाच्या नजरेच्या उंचीवरून खिडकीकडे बघा. उभं राहून बघितलं की आपल्याला नुसती खिडकी दिसते, खाली बसल्यावर खिडकीपर्यंत जायची वाट दिसते. वहीत प्रत्येक खिडकीपुढे चारच गोष्टी लिहा: कट्टा जमिनीपासून किती उंच, खाली आणि आजूबाजूला काय ठेवलंय, खिडकी पूर्ण उघडली की किती फट होते, आणि ग्रिल असेल तर दोन गजांमध्ये किती अंतर. पट्टीची १० सेंटीमीटरची रुंदी दोन गजांच्या मध्ये आडवी धरा. ती पलीकडे गेली तर गॅप मोठा आहे आणि मुलाचं अंग त्यातून जाऊ शकतं.

हॉल आणि बेडरूम सगळे बघतात. सुटतात त्या या जागा: बाथरूम-संडासातली काचेच्या पट्ट्यांची खिडकी, जी डक्टमध्ये उघडते आणि कमोडवर उभं राहिलं की सहज हाताला लागते. किचनच्या मागची ड्राय बाल्कनी, जिथे वॉशिंग मशीन म्हणजे आयता चौथरा. देवघराजवळची छोटी खिडकी. आणि घराबाहेर, जिन्याच्या वळणावरची बिल्डिंगची खिडकी. ती आपली नाही म्हणून कोणाच्याच वहीत येत नाही, पण मुलं खेळतात तिथेच.

सावध: डासांची जाळी म्हणजे आधार नव्हे. स्लायडिंगची जाळी ट्रॅकमध्ये नुसती अडकवलेली असते, वेल्क्रोची जाळी तर चिकटवलेलीच असते. मुलाने टेकून जोर दिला की ती जाळी आणि मूल एकदमच बाहेर. उलट जाळी आहे म्हणून मूल बिनधास्त टेकतं आणि आपणही बघून न बघितल्यासारखं करतो, हे जास्त घातक.

२. चढायचं सामान आजच हलवा

हे काम सगळ्यात स्वस्त, आणि याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही. तरी लोक हेच टाळतात कारण खोलीची रचना बदलावी लागते.

एक हिशोब करून बघा. खिडकीचा कट्टा समजा ३ फुटांवर आहे, म्हणजे ३६ इंच. दोन वर्षांचं मूल साधारण ३३-३४ इंचांचं असतं, जमिनीवर उभं असेल तर त्याची नजरसुद्धा कट्ट्याच्या वर जात नाही. आता खिडकीला लागून गादीसकट २० इंच उंचीचा पलंग ठेवा. पलंगावर उभ्या मुलासाठी तोच कट्टा फक्त १६ इंचांवर आला, म्हणजे त्याच्या कंबरेच्याही खाली. त्यात एक उशी किंवा लोड आला की कट्टा गुडघ्याच्या जरासाच वर. खिडकी तीच, भिंत तीच, फक्त पलंग सरकवल्याने सगळं बदललं.

म्हणून पलंग, सोफा, दिवाण, स्टडी टेबल, चपलांचा रॅक, ड्रॉवरचं कपाट, कूलरचं स्टँड हे सगळं खिडकीपासून किमान तीन फूट लांब. ड्रॉवरचं कपाट मुद्दाम सांगतेय, कारण खण एकाखाली एक ओढून मुलं त्याचा जिना करतात.

हलकं सामान वेगळं. प्लास्टिकचं स्टूल, उलटी बादली, खेळण्यांचा टब, रिकामी सुटकेस, मोडा. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची होती तेव्हा मी कुकर लावायला आत गेले, शिट्टी व्हायच्या आत बाहेर आले तर बाईसाहेब आंघोळीचं निळं स्टूल बाथरूममधून फरपटत हॉलच्या खिडकीखाली आणून त्यावर चढलेल्या, दोन्ही हात कट्ट्यावर आणि एक टाच वर उचललेली. खिडकी बंद होती म्हणून निभावलं. ते स्टूल त्या खोलीतलं नव्हतंच, म्हणून ते माझ्या यादीतही नव्हतं. तेव्हापासून नियम एकच, जे मूल ओढू शकतं ते वापर झाला की बंद दाराच्या आत किंवा उंचावर.

वन रूम किचनमध्ये पलंग हलवायला जागाच नाही, हे मला माहितीये. मग यातलं जे जमेल ते करा: पलंगाची फ्रेम काही वर्षं काढून ठेवा आणि गादी जमिनीवर घाला, आणि ती एक खिडकी पूर्ण बंद ठेवून हवेसाठी दुसरी वापरा. ग्रिलचा नंबरही पहिला याच खिडकीचा.

तपासा: पाच मिनिटं खोलीत शांत बसा आणि मुलाला मोकळं सोडा. ते काय ओढतं, कशावर चढतं ते नुसतं बघा, खिडकी अर्थातच बंद. आपली यादी किती अपुरी होती ते लगेच कळतं.

*मूल चढलेलं दिसलंच तर*

ओरडू नका. आपला सगळ्यांचा पहिला आवाज "अगं बाई, पडशील!" असाच निघतो, आणि मूल दचकून वळतं, तिथेच तोल जातो. काही मुलांना तर तो पकडापकडीचा खेळ वाटतो आणि ती अजून पुढे सरकतात. आवाज न करता भरभर जा, कंबरेला दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि मागे उचला, रागवायचं ते नंतर. आणि पडलंच कुठलं मूल तर त्याला उचलून छातीशी धरून पळत सुटायचं नाही. मानेला, मणक्याला मार असू शकतो. १०८ ला फोन करा, जागच्या जागी मान स्थिर धरा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा, पाणी पाजू नका. मूल श्वास घेतंय का ते बघत राहा, नसेल घेत तर फोनवरचे सांगतील तसं करा. मूल उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

३. खिडकी चार इंचांच्या वर उघडणार नाही असं करा

ग्रिल यायच्या आधी हे, आणि ग्रिल आल्यावरही हे राहू द्यायचं. हवा यायला चार इंच पुरतात, मूल जायला पुरत नाहीत.

स्लायडिंग खिडकीसाठी हार्डवेअरच्या दुकानात ट्रॅकवर बसणारे स्टॉपर मिळतात, स्क्रूने किंवा छोट्या चावीने आवळायचे. तेवढ्या वेळात ते आणणं जमलं नाही तर लाकडी काठी किंवा पीव्हीसी पाईप मापात कापून ट्रॅकमध्ये आडवा ठेवा, आठवडाभर काम भागतं. पण तो कायमचा उपाय नाही, मूल तो उचलून काढतं.

इथली ठरलेली चूक: एकाच काचेला स्टॉपर लावणे. आपल्याकडच्या स्लायडिंगमध्ये दोन्ही काचा सरकतात, एक आतल्या ट्रॅकवर, एक बाहेरच्या. आतली अडवली की बाहेरची दुसऱ्या बाजूने आरामात पूर्ण उघडते. प्रत्येक काचेला तिच्या तिच्या ट्रॅकमध्ये वेगळा स्टॉपर लागतो. लावल्यावर दोन्ही काचा दोन्ही बाजूंना ओढून बघा आणि फटीत पुठ्ठ्याची पट्टी घाला, ती अडली पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे खिडकीच्या स्वतःच्या लॉकवर भरवसा. ते दाबून उघडायचं टच लॉक अडीच-तीन वर्षांचं मूल आपलं बघून शिकतं. आणि काच वर उचलून ट्रॅकमधून निघते का तेही बघा, जुन्या खिडक्यांची चाकं झिजली की काच खिळखिळी होते. तसं असेल तर ॲल्युमिनियमवाल्याला बोलावून आधी ते दुरुस्त करून घ्या.

जुन्या चाळीत किंवा गावच्या घरात लाकडी झडपा असतात. तिथे वरच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर जाड हूक आणि आकडी लावा, नाहीतर छोटी साखळी, म्हणजे झडप तेवढीच उघडेल. लाकडी गज असतील तर एकेक हाताने फिरवून बघा. वाळवी लागलेला गज बाहेरून रंगवलेला आणि छान दिसतो, पण खोबणीत सुटा झालेला असतो.

सावध: पडद्याच्या आणि ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोऱ्या याच वेळी वर गुंडाळून पक्क्या बांधा. खिडकीजवळ खेळताना त्या गळ्यात अडकतात.

४. आता ग्रिल

आधी सोसायटीला लेखी विचारा, भाड्याचं घर असेल तर घरमालकालाही. बाहेर येणाऱ्या बॉक्स ग्रिलला बऱ्याच सोसायट्या नकार देतात, पण भिंतीच्या आतल्या बाजूने बसणाऱ्या ग्रिलला सहसा हरकत नसते. लहान मूल असलेल्या घरासाठी मला आतलं सपाट ग्रिलच जास्त पटतं. बॉक्स ग्रिलमध्ये लोक कुंड्या ठेवतात, पापड वाळवतात आणि मग मुलाला खेळायला तिथेच बसवतात. त्याचा खालचा पत्रा पावसाळ्यांनी कुजलेला असतो आणि वरून सतरंजी घातली की ते दिसत नाही. बॉक्स ग्रिल आधीपासून असेल तर असू दे, पण ती मुलाची बसायची जागा नाही.

ग्रिलवाल्याशी बोलताना डिझाइनवर वेळ घालवू नका, या गोष्टी ठरवून घ्या.

गज उभे हवेत. आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी, मूल पाय ठेवत वर जातं आणि वरची मोकळी जागा गाठतं. नक्षीची वळणंसुद्धा पाय ठेवायच्याच जागा. ग्रिल आधीच आडव्या पट्ट्यांचं असेल तर तोडून नवीन करायची गरज नाही, आतून खालच्या भागाला जाड पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकची शीट स्क्रूने बसवून घ्या, पाय रोवायला काही उरत नाही.

अंतर चार इंचांपेक्षा कमी, आणि ते खालपासून वरपर्यंत. खूप ठिकाणी मधला भाग बरोबर असतो पण दोन्ही टोकांना, भिंतीलगत, सहा-सहा इंच सोडलेले असतात.

उंची पूर्ण खिडकीची. अर्धं ग्रिल स्वस्त पडतं, पण मूल वाढतं.

बसवणं हा खरा मुद्दा. प्लॅस्टरमध्ये प्लास्टिकची गिट्टी आणि बारीक स्क्रू एवढ्यावर ग्रिल टांगलेलं असेल तर ते डासांच्या जाळीसारखंच. भिंतीत खोल जाणारे मेटलचे फास्टनर लावून घ्या, चारही बाजूंनी. ड्रिल मारताना तिथे उभे राहा. नुसती पांढरी किंवा फिकट भुकटी सहज येत राहिली तर बहुतेक प्लॅस्टरच चाललंय, लाल भुकटी आली तर विटेत गेलंय, करडी आणि ड्रिल जड चालली तर काँक्रीटमध्ये.

इनव्हिजिबल ग्रिलबद्दल सगळे विचारतात. म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या प्लास्टिक चढवलेल्या ताणलेल्या तारा. चांगली असतात, पण दोन अटी. तारांमधलं अंतर चार इंच नाही, दोन इंच घ्या, कारण गज वाकत नाही पण तार ताणली जाते. आणि तारा उभ्या. काम झालं की दोन तारा दोन्ही हातांनी फाकवून मध्ये पट्टी घुसते का बघा, जोर लावून घुसली तर ताण कमी आहे, त्याला परत बोलवा.

कबुतरांची जाळी मात्र या यादीतच धरू नका. ती बारीक नायलॉनची, छोट्या हुकांना बांधलेली, उन्हात दोन-चार वर्षांत ठिसूळ होते. तिचं काम कबुतरं अडवणं एवढंच.

तपासा: फिटर जायच्या आधी, पैसे द्यायच्या आधी, एका बाजूला उभं राहून ग्रिल दोन्ही हातांनी आत ओढा, मग बाहेर ढकला. अंगाचं वजन टाकून झुकायचं नाही. कुठे करकर आवाज आला, फास्टनरभोवती भुगा पडला किंवा फ्रेम हलली तर ते काम पूर्ण झालेलं नाही.

५. आगीत बाहेर पडायची वाट ठेवा

सगळ्या खिडक्या पक्क्या बंद करून टाकणं ही दुसऱ्या टोकाची चूक. घराला दार एकच आणि आग दाराशी लागली तर ग्रिलचाच पिंजरा होतो. निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा दरवाजा ठेवा, मोठा माणूस निघेल एवढा, आणि शक्यतो जिथे अग्निशमन दलाची शिडी पोचू शकेल अशा बाजूला.

त्या दरवाजाला कुलूप हवंच, नुसती कडी नको. चावी खिडकीजवळ पण उंच खिळ्यावर, अंधारात हाताला लागेल अशी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, आजी-आजोबांनासुद्धा, एकदा कुलूप उघडायला लावा. आमच्याकडे असं केलं तेव्हा कळलं की कुलूप गंजून चावी फिरतच नव्हती. वर्षातून दोनदा तेल घाला.

६. खिडकीची सवय मोडा

या भागावर लोक माझ्याशी वाद घालतात, तरी सांगते. मुलाला खिडकी आपणच शिकवतो. सहा महिन्यांचं झालं की कट्ट्यावर बसवून भरवायला सुरुवात, हा घास काऊचा, हा घास चिऊचा, ती बघ भूभू, ती बघ गाडी. सकाळी बाबा ऑफिसला निघाले की खिडकीत उभं करून टाटा. वर्षभर रोज चार वेळा त्याला कळतं की सगळी गंमत खिडकीत आहे आणि कट्टा ही बसायची हक्काची जागा आहे. मग एक दिवस ते स्वतःहून चढलं की आपण म्हणतो, एवढं कसं द्वाड!

काऊ-चिऊ बंद करू नका, जागा बदला. जमिनीवर बसून, बंद काचेतून, नाहीतर खाली सोसायटीच्या बाकावर. टाटा दारात करा. ज्या घरात ही सवय आधीच लागलीये तिथे पहिले काही दिवस मूल रडतं, खिडकीकडे हात करतं, तेव्हा आजीने दया येऊन एकदाही कट्ट्यावर बसवायचं नाही. आजी-आजोबांशी आणि सांभाळायला येणाऱ्या ताईंशी हे आधी नीट बोलून घ्या, भांडणाच्या सुरात नाही. त्यांनी चाळीत, बैठ्या घरात मुलं वाढवली, त्यांना चौथ्या मजल्याची खिडकी तशीच वाटते.

दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला एकच छोटं वाक्य रोज: "खिडकीपाशी पाय जमिनीवर." पण हे वाक्य कळलं म्हणून स्टॉपर काढायचा नाही.

७. घोळ होतो ते दिवस

रोजच्या दिवशी सगळं नीट असतं, बिघडतं ते वेगळ्या दिवशी.

दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम: काचा धुवायला काढल्या जातात, स्टॉपर सैल करतात, सगळं फर्निचर खोलीच्या मध्ये किंवा खिडकीशी येतं. त्या दिवसांत मूल दुसऱ्या घरी किंवा दार लावलेल्या दुसऱ्या खोलीत, एका माणसाबरोबर.

एसी बसवणं किंवा सर्व्हिसिंग: माणूस ग्रिलचा दरवाजा उघडून बाहेर जातो आणि काम झाल्यावर नुसता ढकलून ठेवतो. आमच्याकडे असा दरवाजा रात्रभर उघडा होता, पडदा ओढलेला असल्याने कोणाच्या लक्षात आलं नाही. कुठलाही कारागीर गेला की त्याने हात लावलेल्या खिडकीचं कुलूप स्वतः ओढून बघायचं.

गणपतीची मिरवणूक, वरात, पतंग, पहिला पाऊस: अख्खं घर खिडकीत गोळा होतं आणि प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्या कोणीतरी धरलंय. तेव्हा नाव घेऊन सांगा, "आता पिंकी तुझ्याकडे", आणि ज्याला सांगितलं त्यानेही "हो, माझ्याकडे" म्हणायचं. पाहुणे आले, लाईट गेली, उकाड्याने कोणीतरी खिडकी सताड उघडली, तेव्हाही हेच.

सुट्टीत आजोळी किंवा हॉटेलवर जाताना बॅगेत दोन स्टॉपर, थोडी नायलॉनची दोरी आणि ती पुठ्ठ्याची पट्टी टाका. पोचल्यावर सामान उघडायच्या आधी खिडक्या, माळ्याचा कठडा आणि गच्चीचं दार बघा. हॉटेलात वरच्या मजल्यावरची खोली बदलून मागायला लाजू नका.

८. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं

लाईट बिल भरायच्या दिवशी करा म्हणजे लक्षात राहतं. स्टॉपर आवळलेले आहेत का, काच चार इंचांवर अडते का, ग्रिल हलतंय का, तारा सैल झाल्यात का, कुलूप उघडतंय का आणि चावी जागेवर आहे का. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ग्रिलचा खालचा भाग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत लोखंड भुसभुशीत लागलं तर नुसता रंग मारून घेऊ नका, तेवढा गज बदलून वेल्डिंग करून घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे मुंबई आणि सगळ्या कोकणपट्टीने, हे दर तीन महिन्यांनी करावं, खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर खातं.

आणि दर तपासणीच्या वेळी मुलाला भिंतीशी उभं करून उंचीची खूण करा. मागच्या महिन्यात ज्या वस्तूवर चढता येत नव्हतं ती आता टप्प्यात आली असेल, तर दुसऱ्या टप्प्यातली यादी परत काढा.